मागची डावी सीट

४ मार्च, सोमवार

सीटवर कुणी बसलेलं नाही, हे सिद्ध कसं करायचं?

मला उत्तर येत नाही. चार वर्षं ऑटोमोबाइल शिकले, आठ महिने वापरलेल्या गाड्या तपासते आहे, घरात 'इंजिनिअरबाई' म्हणवून घेते, आणि आज एका रिकाम्या सीटपुढे अडून बसले.

रीतसर लिहिते. आज मला पहिली स्वतंत्र गाडी मिळाली. छोटी, उंच बसणीची, महागडी क्रॉसओव्हर. काळसर निळा रंग. वय पंधरा महिने, मीटरवर जेमतेम सहा हजार दोनशे किलोमीटर. आमच्या कंपनीत अशा गाडीबरोबर तपासनिसाने आठवडाभर राहायचं असतं. घरी न्यायची, बाजारात न्यायची, चढावर, खड्ड्यांतून, गर्दीतून. मग दोनशे बारा मुद्द्यांचा अहवाल, आणि शेवटच्या पानावर दोन रकाने, गुण आणि दोष. मी 'पास' लिहिलं की गाडी कंपनीच्या हमीवर विकली जाते. 'नाकारली' लिहिलं की मालकाला परत. परत करायलाही तपासनिसानेच जायचं आणि कारण तोंडी सांगायचं. हा नियम मॅनेजरांचा. "कागदावर नाही म्हणायला काय जातं? मालकाच्या दारात उभं राहून म्हणा."

दुसरा नियम मात्र मला मनापासून पटतो. गाडी कुणाची होती, का विकली, हे तपासनिसाला कळू द्यायचं नाही. मूळ नंबरप्लेट काढून कंपनीची लावूनच गाडी हातात येते. माणसांच्या कहाण्या ऐकून यंत्राबद्दल मत बनवलं तर चार वर्षं शिकून काय उपयोग? घरीसुद्धा सगळ्यांना बजावून ठेवलंय, मी आणलेल्या गाडीबद्दल तुम्हाला काही माहीत असलं तरी माझ्यासमोर चकार शब्द काढायचा नाही. बाबा तेव्हा हसले होते. "बरं, मॅडम."

पंधरा तारखेला मी नोकरीत कायम होणार की नाही ते ठरेल. म्हणजे ही गाडी माझी परीक्षाच.

आजचे गुण: बसल्याबरोबर रस्ता पुढपर्यंत दिसतो. अरुंद गल्लीत एका झटक्यात वळते. चामड्यावरची शिवण सरळ. स्टिअरिंग हलकं, पण पोकळ नाही.

दोष: एसीचं तापमान पडद्यात तीन पायऱ्या आत दडवलंय, चालवताना कोण शोधणार? मागे गुडघ्यांना जागा बेताची.

आणि ते. इंजिन बंद केलं की टिंग, टिंग, टिंग. पडद्यावर अक्षरं: 'मागची सीट तपासा.' गाडीच्या चित्रात मागची डावी सीट लाल. मागे वळून पाहिलं. सीट रिकामी. दार उघडून पाहिलं. रिकामी. तरी वाजतच राहिलं. मोजलं, चार मिनिटं अकरा सेकंद.

५ मार्च, मंगळवार

मुद्दा क्रमांक ८८, मागच्या सीटचा इशारा. आज पडद्यातल्या यादीत खोलवर जाऊन पाहिलं. इशारा बंद करून ठेवलेला आहे. बंद! म्हणजे वाजायलाच नको. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला, गाडी बंद केली. टिंग, टिंग, टिंग.

संध्याकाळी गाडी घरी नेली. फाटकापाशी लावत होते तेव्हा बाबा शाळेची व्हॅन सोडून चालत येत होते. एकोणीस वर्षं एका साहेबांकडे ड्रायव्हर होते. सव्वा वर्षापूर्वी ती नोकरी गेली, तेव्हापासून शाळेची मुलं ने-आण करतात. मी कुठलीही गाडी आणली की लांबूनच ओरडतात, "काय म्हणते तुझी पेशंट?" आज ओरडले नाहीत. रस्त्याच्या पलीकडेच थांबले. हातातली पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

मी इंजिन बंद केलं, घंटी सुरू झाली. मी म्हटलं, "बघा ना बाबा, सारखी बोंबलते. कुणी नसताना."

बाबा आले, मागचं डावं दार उघडलं, वाकले, आणि सीटवरून पाठीपासून कडेपर्यंत हात फिरवला. ही त्यांची जुनी सवय. साहेब उतरले की मागची सीट हाताने चाचपायची, कुणाचा चष्मा, कुणाची छत्री राहायला नको. आता व्हॅनमध्येही तेच. मुलं उतरली की शेवटच्या बाकापर्यंत जाऊन एकेका सीटला हात लावतात. कॉलेजात असताना मला त्याची लाज वाटायची. नोकरासारखं काय चाचपत बसायचं!

हात फिरवला आणि घंटी थांबली.

नोंद: दार उघडण्याच्या विशिष्ट कोनात संपर्क जुळत असावा. उद्या स्वतः करून पाहणे.

 जेवताना आईने बाबांना वाढलेली भाकरी तशीच राहिली. गेल्या मे महिन्यात असंच झालं होतं. दुपारी कुठेतरी जाऊन आले आणि दोन दिवस धड जेवले नव्हते. विचारलं तर म्हणाले, ऊन लागलं.

६ मार्च, बुधवार

स्वतः करून पाहिलं. तसंच दार उघडलं, तसाच वाकून हात फिरवला, एकूण नऊ वेळा. थांबली नाही. संध्याकाळी बाबांनी हात लावला, थांबली. मी विचारलं, "नेमका कुठे दाबता?"

"दाबत नाही गं."

"मग?"

"नुसता हात ठेवतो." आणि आत निघून गेले.

आणखी एक. सकाळी गाडीजवळ गेले तर मागच्या डाव्या काचेवर आतून धुकं धरलेलं. बाकी काचा कोरड्या. डाग तळहाताएवढा, गोलसर. फडक्याने पुसला, ऑफिसात पोचेपर्यंत पुन्हा आला. वाढत नाही, पसरत नाही, तेवढाच येतो. मध्येच फिका होतो, पुन्हा दाट. टेपने मोजलं, डागाचा मध्य सीटपासून बावन्न सेंटीमीटरवर.

दोष: मागच्या डाव्या दाराचं रबर पाणी धरत असावं.

सीटच्या चामड्यावर दोन खोल दाब आहेत, मुलांची खुर्ची बसवल्यावर पडतात तसे. समोरच्या सीटच्या पाठीवर चपटे, धुळीचे ठसे, एकमेकांवर. लहान बुटांचे. साफसफाईवाल्यांनी हे कसं सोडलं? विचारलं तर म्हणाले, "ताई, दोनदा पुसलंय." मी स्वतः पुसलं. ठसे निघाले.

८ मार्च, शुक्रवार

काल लिहिलं नाही. दिवसभर चढ, उतार, ब्रेक. या बाबतीत गाडी खरोखर गुणी आहे. ओल्या रस्त्यावर आपणच चूक केली तरी सावरून घेते. मी मुद्दाम उशिरा ब्रेक मारला, तिने हिसका दिला नाही, फक्त थांबली. बांधणाऱ्याला प्रवाशांची काळजी आहे हे जाणवतं. यंत्रात माणसाचा चांगुलपणा असा साठवता येतो, म्हणून तर मी या कामात आले.

आज उस्तादांना गाडी दाखवली. आमचे वायरिंगवाले. तीस वर्षं वायरींत गेलीत, आणि शाळेचं तोंड पाहिलं नाही याचा त्यांना जाहीर अभिमान. त्यांनी सीटखालचा सेन्सर काढला, दुसरा घातला. वाजली. छतातला बदलला. वाजली. स्कॅनर लावून आतली नोंद काढली. इशारा बंद केल्याची तारीख सापडली, गाडी घेतल्यानंतर बरोबर आठव्या दिवशीची. कुणीतरी कंटाळून बंद केला असणार. त्यानंतर गाडी साधारण पाच महिने रोज पळाली, आणि गेल्या मेनंतर जवळजवळ हललेलीच नाही. टायर एका बाजूने चपटे झालेत, त्याचं कारण हे.

"इंजिनिअरबाई," उस्ताद म्हणाले, "जे बंद आहे ते वाजतं कसं हे पुस्तकात असेल तर सांगा."

"नाही."

"मग माझ्यात आणि तुमच्यात फरक काय राहिला?"

"पगार. तुमचा जास्त आहे."

हसले. मग सीटवर हात टेकवला आणि चटकन मागे घेतला. मीही लावून पाहिला. गरम. ऊन लागल्यासारखी गरम. आम्ही तळघरातल्या वर्कशॉपमध्ये होतो, गाडी सकाळपासून तिथेच होती. उजवी सीट गार. हातातलं तापमापक धरलं, उजवीकडे चोवीस, डावीकडे एक्केचाळीस. उस्तादांनी सीट गरम करणारी तार शोधली. या मॉडेलला ती मागे नाहीच.

त्यांनी पाने-पक्कड आवरली. म्हणाले, "मी चहा घेऊन येतो," आणि दोन तास आले नाहीत.

९ मार्च, शनिवार

नवं झेंगट. भावोजींनी गाडी पाहिली.

ताईकडे सहज गेले होते, फाटकात लावली, आणि हे घरातल्या चपलांवरच धावत बाहेर. "मेव्हणीबाई, हे विमान कुणाचं?" डिकी उघडून मोजली, काचेचं छत सरकवलं, दारातले दिवे निळे-जांभळे करून पाहिले. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना आमच्याकडे सवलत मिळते, हे यांना माझ्याआधी पाठ. संध्याकाळपर्यंत मॅनेजरांशी फोनवर बोलूनही झालं.

मी म्हटलं, "अजून तपासणी संपली नाही."

"तू तपास गं. आम्ही घेतो."

ताई म्हणाली, "तू हो म्हणालीस तरच. आपल्या घरात यातलं कळणारी तू एकटी."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. ताईची मुलगी ठकी दोन वर्षांची आहे. तिची खुर्ची मागच्या सीटवरच लागणार.

मॅनेजरांचा निरोप: बुधवारपर्यंत पास करा. गिऱ्हाईक तयार आहे, घरचंच आहे. घंटीचं काहीतरी बघून घ्या.

१० मार्च, रविवार

आज सगळे मिळून फिरून आलो. भावोजी चालवत, ताई पुढे, मागे उजवीकडे ठकीची खुर्ची आणि मधे मी. डावी जागा मोकळी ठेवली. अजून गरम आहे म्हणून.

भावोजी नुसते उतू जात होते. "बघ कशी चढते! आणि आवाज? आपल्या मिक्सरचा याहून जास्त आहे." ताई म्हणाली, "मिक्सर निदान दुरुस्त तरी करून आणा." दोन मुद्द्यांवर ते बरोबर आहेत. चढावर दम लागत नाही, आणि खड्डा पाठीपर्यंत पोचत नाही. मी मागून टायरच्या आवाजाची नोंद घेत होते.

ठकी सगळा वेळ खुशीत. कुणीतरी लपाछपी खेळतंय तशी मान वाकवून माझ्या पलीकडे बघायची आणि खिदळायची. काचेवरचा डाग तिला गमतीचा वाटत असावा. मग तिने हातातलं बिस्किट माझ्यासमोर धरलं. मी तोंड उघडलं तर हात मागे घेतला. "तुला नाई." पुन्हा हात लांब केला, माझ्या अंगावरून पलीकडे, आणि तसाच धरून बसली. तिचा हात दुखेल म्हणून मी बिस्किट काढून घेतलं, तर केवढी रडली!

आमच्या घरापाशी आलो. भावोजींनी गाडी बंद केली, घंटी सुरू झाली. ताई म्हणाली, "हिची खुर्ची डावीकडे लावू, फुटपाथच्या बाजूने उतरवायला सोपं." तर्कशुद्ध आहे. कुठल्याही पुस्तकात हेच सांगतील. तिने खुर्ची उचलली, डावं दार उघडून सीटवर ठेवली, ठकीला काखेत घेऊन वाकली.

आणि बाबा धावत आले. मी त्यांना कधी धावताना पाहिलेलं नाही. "तिथे नाही! तिथे नाही ठेवायचं!" ठकीला ताईच्या हातातून जवळजवळ ओढून घेतलं. पोर घाबरून रडू लागली. भावोजी म्हणाले, "अहो, काय झालं काय? सीटच आहे ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणणार होते. मग म्हणाले, "गरम आहे ती."

"मग एसी लावू की."

बाबा ठकीला घेऊन आत गेले. परत येऊन त्यांनी खुर्ची काढली, सीटवर हात फिरवला. घंटी थांबली. ते बराच वेळ तसेच वाकून उभे होते. ओठ हलत होते. मी लांब होते, ऐकू आलं नाही.

माझं निदान: निवृत्तीचं वय जवळ आलं की माणसं हळवी होतात. शिवाय आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्यावर जावयाच्या दारात अशी गाडी येणं त्यांना झेपत नसेल. असं लिहिताना मला माझाच राग येतोय, पण दुसरं कारण दिसत नाही.

११ मार्च, सोमवार

मॅनेजर स्वतः खाली आले. पूर्ण अहवाल चाळला. "दोनशे अकरा मुद्दे उत्तम. एका घंटीसाठी आठवडा? उस्ताद, वायर तोडा."

मी म्हटलं, "सर, तो सुरक्षेचा इशारा आहे."

"तो बिघडलेला आहे. कुणी नसताना वाजतो. जो कुणी नसताना वाजतो त्याला इशारा म्हणत नाहीत, त्याला कटकट म्हणतात. मालकानेही बंदच ठेवला होता ना? मग?"

मुद्दा बिनतोड होता.  उस्तादांनी माझ्याकडे न बघता छताचा कपडा सैल केला आणि वायर कापली. कट् असा बारीकसा आवाज झाला. गाडी सुरू केली, बंद केली. काही नाही. पडदा काळा.

"झालं," मॅनेजर म्हणाले. "आता दोनशे बारा."

घरी येताना गाडी इतकी शांत होती की मी रेडिओ लावला. मग बंद केला. कुणीतरी बोलायचं थांबलंय आणि आपण आवाज करतोय, असं वाटलं. सिग्नलला आरशात पाहिलं. मागची डावी काच अर्धी पांढरी झाली होती. एका डागाचे चार झाले होते, दोन वर, दोन खाली, आणि खालचे लांबट, ओढल्यासारखे.

रबर. रबरच असणार.

बाबा फाटकात वाट बघत होते. मी इंजिन बंद केलं. त्यांनी कान दिला. थांबले. मग म्हणाले, "वाजली नाही."

"वायर कापली. दुरुस्त झाली."

त्यांच्या चेहऱ्यावरचं मला लिहिता येत नाही. म्हणाले, "मग आता कळणार कसं?"

"काय कळणार, बाबा?"

ते दार उघडून सीटवर हात ठेवून उभे राहिले. आई हाक मारायला आली तरी आत येईनात. शेवटी तिने खांद्याला धरून आणलं. तळहात लाल झाला होता.

१२ मार्च, मंगळवार

आज बाबांनी व्हॅनवर सुट्टी घेतली. मी गाडी काढायला निघाले तर ते पायरीवर बसलेले.

मी शेजारी बसले. म्हटलं, "बाबा, ही गाडी तुम्हाला माहीत आहे."

"तुझा नियम आहे ना."

"राहू दे नियम."

"नोकरी जाईल तुझी."

"बाबा, सांगा."

त्यांनी सांगितलं. कुठेही थांबले नाहीत, रस्ता समजावून सांगतात तसं सांगितलं.

"शोरूममधून ही मीच आणली होती. एवढं एकदाच चालवली. साहेबांच्या दारात लावली, किल्ली दिली. साहेब म्हणाले, आता मोठी गाडी नाही ठेवत. ही छोटी आहे, सगळं स्वतःच सांगते, मीच चालवीन. तुम्ही आता आराम करा. चांगलं बोलले, वाईट नाही बोलले. त्यांचा धाकटा दोन वर्षांचा होता. मला काका नाही म्हणायचा, 'गाडी' म्हणायचा. मी फाटकात दिसलो की ओरडायचा, गाडी आली, गाडी आली."

मग म्हणाले, "मे महिन्यात. पाळणाघरात सोडायचं होतं त्याला. रोज बाईसाहेब सोडायच्या, त्या दिवशी साहेब. वाटेत फोन आला. बोलत बोलत सरळ ऑफिसला गेले. मागे पोरगं झोपलेलं. गाडी उन्हात लावली. नऊ ते दोन."

फाटकाबाहेर गाडी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"मी असतो तर सीटला हात लावला असता," बाबा म्हणाले. "कुणी बसलं असो नसो. मी लावतोच ना? तू बघितलंयस ना?"

"बघितलंय, बाबा."

"मग झालं."

 आठ दिवस हा माणूस संध्याकाळी दाराशी उभा राहायचा आणि मी कोन मोजत होते. तोंड उघडायचं नाही असं मीच बजावलं होतं, आणि त्यांनी माझी नोकरी जपायला ते पाळलं. माझ्या तत्त्वाचं त्यांनी एवढं ऐकलं, आणि मी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं असतं तर तत्त्वाची गरजच पडली नसती.

काचेबद्दल त्यांना विचारलं नाही. अहवालात 'रबराचा दोष' तसाच ठेवलाय. माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

१४ मार्च, गुरुवार

दोन दिवसांत जे झालं ते क्रमाने.

काल सकाळी ऑफिस उघडायच्या आधी वर्कशॉपमध्ये गेले. उस्ताद आले होते. मी छताचा कपडा सैल केला, वायरीची दोन टोकं सोलली, एकमेकांत पिळली, सोल्डर मारला.  उस्ताद पाठ करून उभे राहिले. "मी काही बघितलं नाही," म्हणाले, आणि पाठीमागून हात लांब करून वायरीवर चढवायची नळी दिली. "ही लावा. उघडी राहिली तर ओलीने परत सुटेल."

मग अहवालाचं शेवटचं पान लिहिलं. गुणांच्या रकान्यात, दूरवर दिसणारा रस्ता, वळण, ब्रेक, चढ, आणि शेवटी: 'मागच्या सीटचा इशारा. बंद केला तरी वाजतो.' दोषांच्या रकान्यात: 'हा इशारा बंद करता येतो.' खाली शिक्का: नाकारली. सही.

मॅनेजरांनी तीनदा वाचलं. "ही कविता आहे की अहवाल?"

"अहवाल आहे, सर. वायर कापून मी सही करणार नाही. घंटीसकट विकणार असाल, आणि ती का वाजते ते घेणाऱ्याला सांगणार असाल, तर आत्ता पास करते."

"का वाजते?"

मी सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. बराच वेळ पेन फिरवत होते. त्यांनाही दोन मुलं आहेत, टेबलावर फोटो आहे. "हे कुठून कळलं? नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे. मोडला."

"पंधरा तारखेचं मी आता काही सांगू शकत नाही."

"हो, सर."

"आणि परत करायला तुम्हीच जायचं."

भावोजींना फोन केला. ते म्हणाले, "एवढी शिकलीस ते घरच्यांच्या पायात खोडा घालायला?" मी कारण सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क माझा नाही. ताईने फोन घेतला, फक्त विचारलं, "ठकीसाठी?" मी हो म्हटलं. तिने ठेवला.

गाडी परत न्यायला बाबा बरोबर आले. मी नको म्हणत होते. चालवली त्यांनीच. सावकाश, खड्डे चुकवत, वळणावर हलक्या हाताने, जसं कुणी मागे झोपलेलं असताना चालवतात. वाटेत एकदाच बोलले, ते माझ्याशी नव्हतं. "आलंच हं."

वाटभर एकच प्रश्न होता. हा क्रूरपणा तर नाही? ज्या माणसाने ही गाडी नजरेसमोरून हलवली, तिच्यासकट मी त्याच्या दारात जाऊन उभी राहणार. पण दुसरीकडे पाठवली असती तर तिथे कुणीतरी पुन्हा वायर कापली असती. कुणीतरी अगदी भला माणूस. आवाजाला कंटाळून.

घर छोटंसं आहे, कडेला बाग. मी मोठ्या बंगल्याची कल्पना केली होती. साहेब बाहेर आले. बाबांना बघून दचकले, मग दोन्ही हात धरले.   खिडकीचा पडदा हलला आणि तसाच राहिला.

बाबांनी इंजिन बंद केलं होतं. घंटी सुरू झाली. टिंग, टिंग, टिंग. डाव्या काचेवर धुकं धरलं होतं. साहेबांनी ते पाहिलं. मी पुसलं नाही. सवयीने बाबांचा हात दाराच्या मुठीकडे गेला, पण पोचायच्या आधीच त्यांनी तो मागे घेतला, दोन्ही हात पाठीशी बांधले आणि एक पाऊल बाजूला झाले.

नियमाप्रमाणे मी कारण तोंडी सांगितलं. साहेब ऐकत होते की नाही कळलं नाही. ते काचेकडेच बघत होते. शेवटी फार हळू विचारलं, "हा आवाज… बंद करता येईल ना?"

"येतो," मी म्हटलं. "केला होता. मी काल सकाळी परत जोडला."

आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.